विवाहप्रथा, आर्थिक परिस्थिती आणि जननदर : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकसंख्येचा प्रश्न बहुधा आकड्यांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. जन्म किती, मृत्यू किती व त्यातून उरणारी वाढ किती, एवढ्यावर चर्चा थांबते. परंतु मूल जन्माला येते ते एखाद्या कुटुंबात. आणि कुटुंब कधी व कसे उभे राहते, हे विवाहाच्या चालीरीती आणि पोटापाण्याची साधने ठरवीत असतात. म्हणूनच जननदराचा इतिहास हा खऱ्या अर्थाने विवाहसंस्थेचा आणि अर्थव्यवस्थेचा इतिहास ठरतो.

या विचाराची सुरुवात थॉमस माल्थस यांच्या १७९८ मधील लोकसंख्याविषयक निबंधापासून होते. विवाह लांबणीवर टाकणे हा लोकसंख्यावाढीला आळा घालण्याचा एक मार्ग आहे, असे त्यांनी पुढे विस्ताराने प्रतिपादन केले. जॉन हजनाल यांनी १९६५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग ते त्रिएस्त अशी एक रेषा कल्पून तिच्या पश्चिमेकडील युरोपात उशिरा विवाह आणि आजन्म अविवाहित राहणाऱ्यांचे मोठे प्रमाण ही वैशिष्ट्ये दाखवून दिली. इंग्लंडच्या बाबतीत रिग्ली व स्कोफिल्ड यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वास्तव वेतनातील चढउतार आणि विवाहांचे प्रमाण यांचा संबंध स्पष्ट केला. तेथे स्वतंत्र घर मांडण्याची ऐपत आल्याशिवाय लग्न होत नसे. अर्थव्यवस्था विवाहाच्या दारातून जननदरापर्यंत पोहोचत होती.

भारतात हे दार वेगळ्या जागी होते. येथे विवाह जवळजवळ सार्वत्रिक होता आणि तो लहानपणीच होत असे. नवरा-नवरीने स्वतंत्र चूल मांडण्याची गरज नव्हती. एकत्र कुटुंबात त्यांची सोय होत असे. मग येथे जननदरावर कोणते नियंत्रण होते? हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील बालविवाह, वैधव्य व पुनर्विवाह या प्रथांचा जननदरावरील परिणाम तपासणे.
२) दुष्काळ, स्थलांतर व बदलता रोजगार यांचा विवाह व जनन यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटलेल्या जननदराचा अर्थ विवाहवयाच्या संदर्भात लावणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

बालविवाह म्हणजे अधिक मुले आणि कमी मुले म्हणजे बालविवाहाचा ऱ्हास, असे सरळ समीकरण सर्वसाधारणपणे मांडले जाते. महाराष्ट्राच्या इतिहासात हे समीकरण दोन्ही बाजूंनी अपुरे ठरते, हे या निबंधाचे गृहीतक आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून जनगणना, सामाजिक सुधारणांचा इतिहास, लोकसंख्याविषयक पाहण्या आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. किंग्जली डेव्हिस व ज्युडिथ ब्लेक यांनी १९५६ मध्ये मांडलेली चौकट येथे उपयुक्त ठरते. सामाजिक किंवा आर्थिक घटक जननावर थेट परिणाम करीत नाहीत. विवाहाचे वय, विवाह टिकण्याचा काळ, पतिपत्नींचा सहवास, संततिनियमन अशा मधल्या पायऱ्यांतूनच तो परिणाम घडतो, हे त्या चौकटीचे सार होय.

बालविवाह आणि वैधव्य : एका व्यवस्थेच्या दोन बाजू

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील मुलींचे विवाहाचे सरासरी वय १३ वर्षांच्या आसपास होते आणि जननदर दर हजारी ४५ ते ४९ च्या दरम्यान होता. हे प्रमाण मोठे आहे. तथापि इतक्या लवकर आणि इतके सार्वत्रिक विवाह होत असताना ते याहूनही मोठे असायला हवे होते. १९५० च्या दशकात भारतीय स्त्रीमागे सरासरी सुमारे ६ मुले होत. संततिनियमनाची साधने न वापरणाऱ्या उत्तर अमेरिकेतील हटराइट पंथीय स्त्रियांच्या बाबतीत मात्र हीच संख्या १० च्या घरात असल्याचे आढळले आहे, आणि त्यांचे विवाह भारतीय स्त्रियांपेक्षा कितीतरी उशिरा होत असत. या तफावतीचा उलगडा विवाहाच्या प्रथांमध्येच सापडतो.

पहिली बाब म्हणजे लग्न आणि सहजीवन यांतील अंतर. लग्नानंतर मुलगी ऋतुमती होईपर्यंत व गर्भाधान संस्कार होईपर्यंत संसाराला प्रत्यक्ष सुरुवात होत नसे. त्यामुळे विवाहाचे वय ९ असो की ११, पहिल्या बाळंतपणाच्या वयात त्या प्रमाणात फरक पडत नसे. दुसरी बाब अंगावरच्या दुधाची. मुलाला दीर्घकाळ अंगावर पाजण्याच्या रिवाजामुळे दोन बाळंतपणांतील अंतर आपोआप वाढे. बाळंतपणासाठी माहेरी जाणे, त्यानंतरचा मुक्काम आणि सून घरात आल्यावर किंवा नातवंड झाल्यावर सासूने स्वतःची बाळंतपणे थांबवावीत हा लोकाचाराचा दंडक, यांचाही परिणाम त्याच दिशेने होत असे.

तिसरी आणि सर्वांत कठोर बाब वैधव्याची होती. मृत्युदर मोठा असलेल्या समाजात पतिपत्नींच्या वयातील मोठे अंतर आणि बिजवराला कोवळ्या मुली देण्याची प्रथा यांमुळे ऐन तारुण्यात विधवा होणाऱ्या स्त्रियांची संख्या प्रचंड होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या जनगणनांमध्ये भारतातील स्त्रियांपैकी साधारणतः सहावा हिस्सा विधवांचा होता. उदाहरणादाखल, पंधराव्या वर्षी संसार सुरू झालेली स्त्री अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली आणि पुनर्विवाहाला मज्जाव असला, तर तिच्या जननक्षम आयुष्यातील निम्म्याहून अधिक काळ अपत्याविना जाई. युरोपात जे काम उशिरा होणाऱ्या विवाहाने केले, त्यातील काही भाग येथे सक्तीच्या वैधव्याने केला, असे म्हणता येते. फरक एवढाच की तेथे संयमाचा भार वधूवर दोघांनी उचलला. येथे तो संपूर्णपणे विधवेच्या माथी आला.

ही सक्ती किती दाहक होती याची साक्ष समाजसुधारणेचा इतिहास देतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे म्हणून. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, त्यामागे सुरतेतील एका विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून झालेल्या शिक्षेचे निमित्त होते. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती. परंतु कायद्याची मान्यता आणि समाजाची संमती यांत अंतर राहिले. पंडिता रमाबाईंचे १८८९ मधील शारदा सदन, धोंडो केशव कर्वे यांचा १८९३ मधील पुनर्विवाह आणि त्यानंतरचे त्यांचे संस्थात्मक कार्य ही या अंतराशी दिलेली झुंज होती.

जातिभेद आणि श्रमाचे मूल्य

सक्तीचे वैधव्य सर्व समाजात सारखे नव्हते, ही गोष्ट जननदराच्या अभ्यासात विशेष महत्त्वाची आहे. ब्राह्मण व तत्सम जातींत आणि कुळीचा अभिमान बाळगणाऱ्या मराठा घराण्यांत पुनर्विवाह निषिद्ध होता. याउलट कुणबी, माळी, धनगर, महार आदी श्रमकरी जातींत पाट किंवा मोहोतर लावण्याची मान्यताप्राप्त रीत होती. तिला लग्नाची प्रतिष्ठा नव्हती, पण संसाराची संमती होती.

या भेदामागे अर्थकारण होते. शेतात खपणाऱ्या कुटुंबात स्त्रीचे दोन हात ही प्रत्यक्ष मिळकत होती. म्हणूनच अशा अनेक जातींत मुलीच्या बापाला देज मिळत असे. स्त्रीच्या श्रमाला जेथे बाजारात किंमत नव्हती, तेथे हुंड्याची पद्धत होती. पुढे शेतीत सुबत्ता आलेल्या किंवा उच्च सामाजिक दर्जाचा दावा करणाऱ्या कुटुंबांनी प्रथम स्त्रियांना शेतातून काढून घरात बसविले, देज सोडून हुंडा स्वीकारला आणि पाटावर बंदी घातली. आर्थिक उन्नतीबरोबर स्त्रीचे स्वातंत्र्य आकुंचित होण्याचा हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलेला विधवा पुनर्विवाहाचा कायदा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

दुष्काळ, साथी आणि स्थलांतर

आर्थिक संकटाचा जननदरावर होणारा परिणाम दख्खनने वारंवार अनुभवला. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी मृत्यूचे थैमान घातले, तसेच जन्मही रोखले. वऱ्हाडातील जन्ममृत्यूच्या नोंदी तुलनेने चांगल्या असल्याने टिम डायसन यांना तेथील दुष्काळांचा सूक्ष्म अभ्यास करता आला. धान्याचे भाव चढू लागताच, म्हणजे मृत्यूचा कडेलोट होण्यापूर्वीच, गर्भधारणा घटू लागतात आणि संकट ओसरल्यावर जन्मांची संख्या एकदम उसळते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. उपासमारीने क्षीण झालेली शरीरे, कामाच्या शोधात विखुरलेली कुटुंबे आणि पुढे ढकललेली लग्ने या तिन्हींचा त्यात वाटा होता. १८९६ पासूनचा प्लेग व १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांची भर पडून १९११ ते १९२१ या दशकात आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रातील लोकसंख्या जवळजवळ ३ टक्क्यांनी घटली.

स्थलांतराने आणखी एक वेगळा परिणाम घडविला. मुंबईच्या कापड गिरण्यांनी कोकण व घाटावरील तरुणांना ओढून घेतले. मात्र त्यांचे संसार गावीच राहिले. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती, तर रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक होती. खोलीत दाटीवाटीने राहणारा आणि खाणावळीत जेवणारा चाकरमानी शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाई, तेवढाच पतिपत्नींचा सहवास. लग्न लवकर झाले तरी अपुऱ्या मजुरीमुळे संसार एकत्र नांदत नव्हता. विवाहाचे वय हे एकच माप घेऊन जननदर समजत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कायदा, शिक्षण आणि विवाहवय

मुलींच्या विवाहवयाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला तो जननदराच्या काळजीतून नव्हे. बेहरामजी मलबारी यांची १८८४ मधील टिपणे, रखमाबाईंचा खटला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा या घटनांमागे मुलीच्या देहाचा व संमतीचा प्रश्न होता. त्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ केले, तेव्हा लोकमान्य टिळकांसह अनेकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ वर्षे ही मर्यादा घातली. पण तो १ एप्रिल १९३० रोजी अमलात येण्यापूर्वी देशभर लहान मुलामुलींची लग्ने घाईघाईने उरकण्यात आली आणि त्याचे प्रतिबिंब १९३१ च्या जनगणनेत उमटले.

कायद्यापेक्षा नोकरीने अधिक बदल घडवून आणला. शहरी पांढरपेशा वर्गात मुलाचे शिक्षण लांबले, नोकरी लागल्याशिवाय लग्न नाही ही रीत रूढ होऊ लागली आणि शिकलेल्या वराला शिकलेली वधू हवी झाली. परिणामी याच वर्गात प्रौढविवाह प्रथम रुजला आणि लहान कुटुंबाचा विचारही प्रथम येथेच पोहोचला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांना त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९३८ मध्ये मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले भाषण त्याच्या समर्थनार्थ सादर झाले. दारिद्र्य आणि स्त्रीचे आरोग्य या दोन्ही अंगांनी त्यांनी हा प्रश्न पाहिला होता. ठराव फेटाळला गेला.

जननदराचा उतार : एक विसंगती

स्वातंत्र्योत्तर काळात प्रथम मृत्युदर झपाट्याने उतरला. पती अधिक काळ जगू लागले, विधवांचे प्रमाण घटले आणि पतिपत्नींचा सहवास लांबला. जुन्या व्यवस्थेतील अंगभूत नियंत्रण अशा रीतीने सैल झाले. जननदर घटू लागण्यापूर्वी काही काळ तो वाढतो, असे डायसन व मर्फी यांनी १९८५ मध्ये मांडले; त्याच्या कारणांमध्ये वैधव्यातील घट हे एक महत्त्वाचे कारण आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या १९५१-६१ मध्ये २३.६० टक्क्यांनी आणि १९६१-७१ मध्ये २७.४५ टक्क्यांनी वाढली.

याच काळात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या विषयाचा शास्त्रशुद्ध पाया घातला. पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यूविषयक पाहणी १९५३ मध्ये, तर नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा जिल्ह्यांची पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. कुमुदिनी दांडेकर यांचे नाव या कार्याशी कायमचे जोडलेले आहे. विवाहवय वाढविल्यास जननदर घटेल, असा युक्तिवाद एस. एन. अग्रवाल यांनी १९६० च्या दशकात केला आणि १९७८ मध्ये मुलींच्या विवाहाची किमान मर्यादा १८ वर्षे झाली.

प्रत्यक्षात महाराष्ट्रातील जननदर घटला तो मुख्यतः दुसऱ्या मार्गाने. १९६० च्या दशकातील नसबंदी शिबिरांत पुरुषांच्या शस्त्रक्रियांवर भर होता. १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. ते अमलात आले नाही, परंतु आणीबाणीतील सक्तीनंतर पुरुष या कार्यक्रमापासून दूर झाले व संपूर्ण भार स्त्रियांवर आला. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी संख्या, १९९२-९३ मध्ये २.८६, २००५-०६ मध्ये २.११ आणि २०१९-२१ मध्ये १.७१ इतका नोंदला गेला. लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या तो बराच खाली आला. परंतु त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. बीडसारख्या जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. म्हणजेच लग्न लवकर, बाळंतपणे लवकर आणि पंचविशीच्या सुमारास शस्त्रक्रिया, असा एक नवा क्रम रूढ झाला. मुले कमी झाली. मुलीचे बालपण मात्र लांबले नाही.

ऊसतोडीचा कोयता आणि बालविवाह

या क्रमामागील आर्थिक कारण बीड व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांत स्पष्ट दिसते. ऊसतोडीच्या व्यवस्थेत पतिपत्नींची जोडी मिळून ‘एक कोयता’ मानला जातो आणि मुकादम या कोयत्यावर उचल देतो. एकट्या पुरुषाला अर्ध्या कोयत्याचाच मोबदला मिळतो. त्यामुळे मुलाचे लग्न म्हणजे उचल दुप्पट होणे, असा हिशेब घरात मांडला जातो. मुलीच्या आईबापांना हंगामाचे सहा महिने वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही चिंता असते. वय वाढेल तसा हुंडा वाढतो, हे तिसरे कारण. तिन्हींचा निष्कर्ष एकच निघतो : लग्न लवकर उरका.

येथे जुन्या देजाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेव्हाही स्त्रीच्या श्रमाला मूल्य होते. परंतु देज मुलीच्या माहेरी येत असे. उचल मात्र नवऱ्याच्या हाती पडते आणि फेडण्यासाठी स्त्री राबते. श्रमाचे मूल्य कायम राहिले, त्यावरील हक्क मात्र नाहीसा झाला. फडावर एक दिवसाचाही खाडा परवडत नसल्याने बाळंतपणे लवकर संपविण्याकडे व पुढे गर्भाशयच काढून टाकण्याकडे कल वाढला. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील पाहणीतील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली होती. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या अवघी ८०७ होती. लहान कुटुंब, बालविवाह आणि मुलगी नको ही वृत्ती एकाच ठिकाणी एकत्र नांदू शकतात, हे यावरून सिद्ध होते.

निष्कर्ष

१) पारंपरिक महाराष्ट्रात जननदर अनियंत्रित नव्हता. बालविवाहाने तो वाढविला, तर सक्तीचे वैधव्य, दीर्घ स्तन्यपान व सहवासावरील निर्बंध यांनी तो आवरून धरला.
२) हे नियंत्रण जातीनुसार भिन्न होते आणि स्त्रीच्या श्रमाला असलेल्या आर्थिक मूल्याशी त्याचा निकटचा संबंध होता.
३) दुष्काळ व स्थलांतर यांनी विवाहाचे वय न बदलताही जननावर परिणाम घडविला.
४) विवाहवयातील वाढ कायद्यापेक्षा शिक्षण व रोजगाराच्या संधींतून अधिक घडली. जेथे या संधी पोहोचल्या नाहीत, तेथे कायदा कागदावर राहिला.
५) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यातील जननदर मुख्यतः स्त्रियांच्या नसबंदीमुळे घटला. त्यामुळे कमी जननदर हा स्त्रीच्या उन्नतीचा पुरावा आपोआप ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकात जननदर आवरण्याची किंमत विधवेने मोजली. एकविसाव्या शतकात ती ऊसतोड करणारी स्त्री मोजत आहे. दोन्ही काळांतील आकडे आपापल्या परीने समाधानकारक भासू शकतात. लोकसंख्याधोरणाचे यश मोजताना मुले किती झाली याबरोबरच मुलीचे लग्न कोणत्या वयात, कोणाच्या निर्णयाने आणि कोणत्या आर्थिक निकडीतून झाले, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. हंगामी वसतिगृहे, मजुराला स्वतंत्रपणे व थेट मिळणारी मजुरी आणि गावाजवळचे माध्यमिक शिक्षण हे उपाय या दृष्टीने लोकसंख्याधोरणाचेच भाग मानणे आवश्यक आहे.